बारा किलोमीटरांचा हिशेब



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीने आत्ता माझी ओळख ‘घारापुरी ते गेटवे पोहून आलेली’ अशी करून दिली. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. पण त्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी पोहून गेटवेला पोहोचले नाही. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर एवढं तर कळतंच, की ‘जवळजवळ झालं’ म्हणजे झालेलं नसतं.

हे खूळ मी का घेतलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सातवीच्या पावसाळ्यानंतर बाई हजेरी घेताना बावीसनंतर थेट चोवीस म्हणायच्या. शाळेमागच्या नदीने आपला एक मित्र नेला. मग घरोघरी एकच नियम झाला, नदीकडे फिरकायचं नाही. पोहायला शिकवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मी शिकले अडतिसाव्या वर्षी, पुण्यातल्या तलावात, माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर.

गेल्या वर्षी मी आपल्या ग्रुपवर लिहिलं, की शाळेतल्या पाचवी ते सातवीच्या मुलांना पोहायला शिकवू. तालुक्याच्या तलावापर्यंत गाडी, प्रशिक्षकाचं मानधन, नदीच्या घाटावर दोर आणि तरंगती कडी. मी घारापुरी ते गेटवे, सुमारे १४ किलोमीटर पोहते, तुम्ही किलोमीटरमागे पैसे लावा. कुणी ५० रुपये लावले, कुणी १,०००.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे अंधारात उतरले. मानेला आणि काखेत व्हॅसलिनचा थर, सोबत बोट, बोटीत निरीक्षक. दर अर्ध्या तासाने दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडतात. ती घ्यायची, पण बोटीला हात लावायचा नाही. लावला की पोहणं संपलं. निघताना ओहोटी साधायची असते, कारण बंदरातून बाहेर जाणारं पाणी आपल्याला गेटवेच्या बाजूला नेतं. भरती लागली की तेच पाणी आत लोटतं.

नवव्या किलोमीटरला मला उलट्या सुरू झाल्या. खारं पाणी पोटात गेलं होतं, वर डिझेलचा वास. त्यात पाऊण तास गेला आणि ओहोटी संपली. समोर गेटवेची कमान दिसत होती, शेजारी ताजचा घुमट. मी हात मारत होते आणि कमान होती तेवढीच राहत होती. शेवटी निरीक्षक जीपीएस बघून म्हणाले, “मॅडम, तुम्ही पुढे जात नाही आहात, उत्तरेला सरकताय.” आणखी थोडा वेळ झगडले. मग बोटीला हात मी स्वतःच लावला. १२ किलोमीटर झाले होते.

त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, १२ झाले, १२ चेच पैसे द्या. मागच्या बाकावरच्या एकाचं उत्तर आलं, “१४ चे पाठवलेत. परत पाठवलेस तर बघ.” आणि मग समोर बसलेल्या आपल्या पी.टी.च्या सरांचा फोन आला.

“इंग्लिश खाडी पोहणारी पहिली आशियाई महिला कोण?” सरांनी विचारलं.

“आरती साहा, १९५९,” मी लगेच म्हटलं. सामान्यज्ञानाच्या वहीतली ओळ.

“पहिल्याच प्रयत्नात का?”

मला ठाऊक नव्हतं. सरांनी सांगितलं, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना उलट्या प्रवाहामुळे प्रयत्न सोडावा लागला होता. २९ सप्टेंबरला त्या पार गेल्या. “तुमच्या वहीत आम्ही एकच ओळ लिहून दिली,” सर म्हणाले, “दुसरी राहून गेली.”

सर, ती मी आता लिहून घेतली आहे.

जूनपासून दर शनिवारी शाळेची ३१ मुलं तलावावर जातात. त्यात मुली फक्त नऊ आहेत. बाकीच्या मुलींच्या घरून संमतीपत्रं आलेली नाहीत. उद्या सकाळी आम्ही चौघंजण त्यांच्या घरी जाणार आहोत. तेवीस नंबरच्या आईंनी स्वतःहून निरोप पाठवला आहे, “मीही येते.” तुमच्यापैकी ज्यांना जमेल, त्यांनी आठ वाजता शाळेच्या फाटकाशी यावं.

घारापुरीला मी पुन्हा जाणार आहे. पण आधी ही यादी पूर्ण करू.