शेळी, कुत्रा आणि कुंपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी स्त्रीशिक्षण, बालसंगोपन असे भारदस्त विषय घ्यावेत अशी प्रथा आहे. मी मात्र शेळीविषयी, त्यातही तिला आवरण्याविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटला तर वाटू द्या. आपल्या आळीत यंदा दोन घरांचे बोलणे बंद झाले ते राजकारणावरून नव्हे, हे आपण जाणताच. एकीची हापूसची सात कोवळी कलमे एका दुपारीत शेंड्यापासून साफ झाली, आणि दुसरीच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच तीन शेळ्यांवर चालतो. आता कोणाची बाजू घ्यावी?

कायद्याची वाट आहे. १८७१ सालच्या गुरांच्या कायद्यात शेळी आणि करडूसुद्धा गुरांतच मोजले आहे. नुकसान करणारे जनावर धरून चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. पण दंड भरून शेळी सुटली तरी शेजार तुटतोच. त्यापेक्षा कुंपणाचा विचार बरा.

आपल्याकडची जुनी रीत म्हणजे वई. भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात, म्हणून त्याआधी मेढी पुरायच्या, काटेरी फांद्या विणायच्या आणि आगर राखायचे. वई स्वस्त असते असे पुरुष मंडळी म्हणतात. काट्यांचे भारे डोक्यावरून कोण आणते, हे ते हिशेबात धरीत नाहीत! शिवाय पाऊस आणि वाळवी मिळून मेढी खातात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. दरसाल एवढे रान तोडणे आता परवडणारे नाही.

जांभ्याच्या दगडाचा गडगा टिकाऊ खरा, आणि गाय-म्हैस त्यापुढे मुकाट्याने उभी राहते. शेळीला मात्र गडगा म्हणजे जिना. ती वर चढून उभी राहते, आणि मग जमिनीवरून न पोचणारी फांदीही तिला सापडते. गडगा असेल तर पाडू नका. त्यावर दोन-अडीच फूट जाळी उभी करा, म्हणजे काम होईल.

काटेरी तारेचे वेड अलीकडे फार आहे. १८७४ साली अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने तिचे पेटंट घेतले ते तिथल्या मोकळ्या माळावरच्या मोठ्या गुरांसाठी. शेळी दोन तारांमधून अंग चोरून जाते, आणि जाताना तिची कास फाटते. दुभत्या शेळीची कास फाटली की त्या घरचे दूध गेले. म्हणून शेळीच्या कुंपणाला ही तार नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

विणलेली, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी सर्वांत चांगली. आपल्या पावसात बिनमुलाम्याची तार लवकर गंजते. उंची चार फुटांहून कमी नको. आता चौकटी पाहा. त्या मोठ्या असल्या तर शिंगवाली शेळी पाल्यासाठी डोके आत घालते, आणि शिंगे अडकून ते मागे येत नाही. अशी अडकलेली शेळी कुत्र्यांच्या हाती आयती सापडते. तेव्हा चौकट चार इंचांच्या आतलीच मागा, दुकानदार काहीही सांगो. जाळी खांबाच्या आतल्या, म्हणजे जनावराच्या बाजूने बांधावी. शेळी अंग घासते तेव्हा जाळी खांबावर रेटली जाते, सुटून येत नाही. कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेकू आतून देऊ नका, शेळी त्यावरून चढून पसार होते.

कुत्र्याचे उलटे. शेळी वरून जाते, तो खालून उकरतो. त्यासाठी जाळीची खालची कड वीतभर मातीत पुरून तिच्यावर दगड लावावेत. ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखण्यासाठी रानकुत्र्यांविरुद्ध सुमारे ५,६०० किलोमीटरांचे कुंपण आहे, आणि तिथेही ते फिरून फिरून तपासावे लागते. आपल्याला परसूभोवती आठवड्यातून एक फेरी जड वाटू नये.

पैसे नसतील तर जिवंत कुंपण करावे, पण झाड पारखून. अडुळसा आणि निर्गुडी यांच्या पाल्याला शेळी सहसा तोंड लावीत नाही, आणि घरात खोकला झाला की अडुळसा हाताशी. गिरिपुष्पाचे खुंटे सहज जगतात आणि शेताला पाला मिळतो. पण शेळ्या तो आवडीने खातात, म्हणून ते जाळीच्या बाहेरच हवे. कण्हेर फुलांसाठी लावण्याचा मोह होतो; पण तिचा पाला थोडासा जरी पोटात गेला तरी शेळी दगावते. घाणेरीही गुरांना बाधते. मोगली एरंडाला शेळी शिवत नाही हे खरे, परंतु त्याच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि दवाखाना गाठावा लागतो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांवर बेतते. ज्या घरी लहान मुले आहेत तिथे ही दोन्ही नकोत.

बिबट्याचे भय आहे तिथे कोणतेही कुंपण पुरत नाही, तो सहज उडी घेतो. अंधार पडण्यापूर्वी शेळ्या छताच्या, घट्ट दाराच्या गोठ्यात घ्याव्यात. कुत्राही आत घ्यावा, कारण बिबट्याला कुत्रा फार आवडतो. आणि कृपा करून घरच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडण्याचा विचार कोणी करू नये. तो गुन्हा आहे, आणि रात्री त्या तारेवर कोणाचा हात पडेल हे सांगता येत नाही.

नदीकाठच्या भगिनींसाठी एक गोष्ट. २०२१ च्या जुलैत जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरले, ते आपण विसरलेलो नाही. पुरात जाळीला काटक्या-गवत अडकते, पाणी तटते आणि खांबांसकट सगळे आडवे होते. तिथे जाळी पक्की न ठोकता तारेने बांधावी, म्हणजे पाणी चढू लागताच सोडून गुंडाळता येते.

ज्या दोन घरांविषयी मी आरंभी बोलले, त्यांच्यामध्ये मोजून साठ फूट हद्द आहे. जाळीचा अर्धा खर्च एकीने, अर्धा दुसरीने आणि खांब पुरण्याची मजुरी मंडळाने, असा प्रस्ताव मी अध्यक्षबाईंकडे दिला आहे. तो आजच्या सभेत यावा. आमच्या परसात अडुळसा माजला आहे; कांड्या हव्या असतील त्यांनी पहिल्या पावसानंतर याव्यात, मात्र कोयता ज्याचा त्याने आणावा.