हनुवटीवरचे केस आणि ती गोळी

आजचा विषय आपण दाराआड बोलतो. तरण्या मुलीच्या हनुवटीवर, ओठावर, पोटावर जाड काळे केस येतात. मुलगी ओढणी तोंडाला गुंडाळून कॉलेजला जाते आणि बाया विचारतात, हिचं लग्न कसं जमायचं?

पुरुषी म्हणतात ते हार्मोन प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. ते वाढलं की लव जाड होते. बहुतेक वेळा कारण पीसीओएस. मग पाळीही दोन-दोन महिने लांबते. काही घरांत मात्र पाळी वेळेवर असते आणि केस आई-मावशीवर गेलेले असतात. गोरं करायची स्टेरॉइडची मलमं फासूनही चेहऱ्यावर केस येतात, हे दुकानदार सांगत नाही.

रक्त तपासून, कधी सोनोग्राफी करून डॉक्टर बऱ्याचदा जी गोळी देतात, ती पाळणा लांबवायच्या गोळीच्याच जातीची. इथे आईच्या पोटात गोळा येतो. बिनलग्नाच्या पोरीला ही गोळी? उद्या मूल झालं नाही तर? बायांनो, या गोळीने वांझपण येत नाही. ती बंद केली की बीजकोशाचं काम पुन्हा सुरू होतं. पण माला-डी आणून मनाने सुरू करू नका. रक्तदाब असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर ही गोळी चालत नाही.

फरक दिसायला सहा महिने लागतात. दोन महिन्यांत काही झालं नाही म्हणून पुष्कळ मुली सोडून देतात. उगवलेला केस गोळीने गळत नाही, पुढचा बारीक येतो. तोवर दोरा करा, वस्तरा फिरवा. वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत. टोक बोथट कापलं जातं म्हणून टोचतात, एवढंच. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी पाळीला मदत होते. गोळी थांबली की केस परत येऊ शकतात, हेही मुलीला आधीच सांगून ठेवा.

तेवढ्याने भागलं नाही, तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. ते चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. म्हणून लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी डॉक्टरांना कळवा.

आणि चार-सहा महिन्यांतच केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर वाट बघू नका. आतमध्ये गाठ असू शकते. त्याच आठवड्यात मुलीला दवाखान्यात न्या.