बचावफळीचे खिंडार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



नाट्यसंगीत, संतवाङ्मय आणि मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या (हा शेवटचा विषय या शहरात जरा जपूनच मांडावा लागतो) अशा भारदस्त व्याख्यानांनंतर फुटबॉलवर बोलण्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त माणसाला उभे करणे, हे कार्यकारिणीचे धाडसच म्हटले पाहिजे. त्यातही मी बोलणार आहे ते गोल करणाऱ्यांविषयी नव्हे, तर गोल होऊ देणाऱ्यांविषयी.

येथे महाविद्यालयात असताना मी संघात डाव्या बाजूचा बॅक म्हणून खेळलो. खेळाडू म्हणून माझी योग्यता बेताचीच होती. परंतु बॅकच्या जागी खेळलेल्या माणसाची सामना पाहण्याची दृष्टी कायमची बदलते. सारे मैदान चेंडूकडे पाहत असते, तेव्हा याची नजर चेंडू नसलेल्या जागी कोण मोकळा उभा आहे, हे शोधत असते. प्रेक्षकांत बसल्यावरही ही खोड जात नाही, आणि त्यामुळे आपल्या संघाचा विजयसुद्धा निखळ आनंद देत नाही.

या शहरात घर केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कधी ना कधी प्रश्न विचारला जातो, तुमचा संघ कोणता? येथील लोकांना त्याचे उत्तर जन्मतःच मिळालेले असते. पश्चिम बंगालचे घटी ते मोहन बागानचे, पूर्व बंगालातून आलेले बांगाल ते ईस्ट बंगालचे. मोहन बागान जिंकला की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा. आपण ना घटी, ना बांगाल. मी मूळचा कोकणातला असल्यामुळे कोळंबीचा पक्ष घेणे मला जड गेले नाही, आणि एकदा घेतलेला पक्ष सोडण्याची आमच्याकडे रीत नाही.

३० सप्टेंबर १९७५. आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. ईस्ट बंगालने तेव्हा कलकत्ता लीग १९७० पासून सलग सहा वर्षे जिंकलेली होती. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्त यांनी पहिला गोल केला. मध्यंतराला गोलफलक तीन-शून्य होता आणि सामना संपला तेव्हा पाच-शून्य. श्याम थापा यांचे दोन, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांचा एकेक. गोलरक्षक भास्कर गांगुली यांना सामना संपण्यापूर्वीच बाहेर बोलावून त्यांच्या जागी दुसरा गोलरक्षक उभा करावा लागला. त्या रात्री मोहन बागानच्या काही खेळाडूंनी लोकांच्या संतापाच्या भीतीने गंगेत नावेवर रात्र काढली, असे आजही सांगतात. त्यातली अतिशयोक्ती सोडून द्या. परंतु एका तरुण समर्थकाने या पराभवामुळे आत्महत्या केली, यात मात्र अतिशयोक्ती नाही.

दुसऱ्या दिवसापासून ट्राममध्ये, चहाच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत एकच चौकशी चालू झाली: दोष कोणाचा? बहुतेकांच्या मुखी गोलरक्षकाचेच नाव होते. मला तेव्हाही ते पटले नव्हते आणि आज तर मुळीच पटत नाही. गोल जाळ्यात शिरताना गोलरक्षक दिसतो, म्हणून तो अपराधी ठरतो. पण त्याच्यापर्यंत येण्याआधी चेंडूला आणखी दहा माणसांना ओलांडून यावे लागलेले असते.

आपल्यापैकी अनेकजण लहानपणी हुतुतू खेळलेले आहेत. चढाई करणारा आत शिरतो तेव्हा साखळीतील दोघांनी एकमेकांचे हात पक्के धरलेले असावे लागतात. एकाने घाई करून पुढे झेप घेतली आणि दुसरा जागेवरच राहिला, की हात सुटतो आणि चढाईवाला त्याच फटीतून निसटतो. निसटल्यावर ओरडा मात्र शेवटी ज्याच्या हातातून त्याचा पाय सुटला, त्याच्या नावाने होतो. फुटबॉलच्या बचावफळीचे नेमके असेच आहे. फरक इतकाच की येथे हात धरलेले नसतात, अंतरे धरलेली असतात. बॅक आणि बॅक यांच्यामधले अंतर, बचावफळी आणि मधली फळी यांच्यामधले अंतर. लवकर एक गोल झाला की बरोबरी साधण्यासाठी मधली फळी पुढे धावते. चेंडू हातचा गेल्यावर ती धापा टाकत परत येते, कधी येतही नाही. मध्ये पंधरा-वीस यार्डांचे मोकळे रान पडते. त्या रानात प्रतिस्पर्ध्याचा एखादा चपळ खेळाडू चेंडू घेऊन वळला, की बॅकपुढे दोनच मार्ग उरतात. पुढे जाऊन त्याला अडवावे तर पाठीमागची जागा उघडी पडते, मागे हटावे तर त्याला गोलावर नेम धरण्यास अवसर मिळतो. हा पेच बॅकने निर्माण केलेला नसतो, सोडवायचा मात्र त्यानेच. अकरा माणसांचा हिशेब चुकतो आणि त्याची वसुली चौघांकडून होते.

याचे याहून स्पष्ट उदाहरण १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर पाहावयास मिळाले. फेडरेशन कपचा उपांत्य सामना, सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या वर्षी ‘डायमंड’ नावाची आक्रमक रचना आणली होती. मागे मोजकी माणसे ठेवायची आणि बाकीच्यांनी चढाईत उतरायचे, असा तिचा सारांश. आधीच्या फेऱ्यांत या रचनेने लोकांना वेड लावले होते. समोर ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी होते. दत्त हे विचारी आणि अभ्यासू प्रशिक्षक, त्यांच्याविषयी मला आदर आहे. तथापि मोठ्या सामन्याच्या आधी प्रतिस्पर्ध्यांची जाहीर टिंगल करण्याचा त्यांना मोह झाला, तो त्यांना शोभला नाही. निकाल चार-एक. बायचुंग भुतिया यांनी तीन गोल केले. मोकळ्या सोडलेल्या जागेत वेगाने धावणारा खेळाडू मिळाला की काय होते, ते त्या दिवशी सव्वा लाखावर माणसांनी पाहिले. त्या बॅकांना दोष देणारे पुष्कळ भेटले. ती जागा मोकळी का होती, असे विचारणारे थोडे.

पुढे २५ ऑक्टोबर २००९ रोजी आय-लीगमध्ये आमच्या संघाने ईस्ट बंगालचा पाच-तीन असा पराभव केला. चिडी एडे यांनी एकट्याने चार गोल केले. पंचाहत्तर सालच्या पाच गोलांची परतफेड झाली म्हणून आमच्या गल्लीत मध्यरात्रीपर्यंत फटाके वाजले. मीही पेढे वाटले. मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात घोळत होते ते आपण घेतलेले तीन गोल. सौभाग्यवतींनी “आता जिंकलात ना, मग झोपा” असे सुनावले, तेव्हा विषय मिटला.

या शहराला बॅकची किंमत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ईडन गार्डन्सजवळ मैदानावर ज्यांचा पुतळा उभा आहे ते गोष्ठ पाल हे बॅकच होते. अनवाणी खेळून त्यांनी बूट घातलेल्या गोऱ्या संघांना थोपविले आणि ‘चिनी भिंत’ हे बिरुद मिळविले. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा जन्म पूर्व बंगालातील फरीदपूर जिल्ह्यातला. म्हणजे मोहन बागानची ही भिंत मुळात बांगाल होती! परगावाहून आलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष आवडावी.

पाच-शून्यच्या पुढल्याच वर्षी, २४ जुलै १९७६ रोजी, लीगच्या सामन्यात मोहम्मद अकबर यांनी अवघ्या सतरा सेकंदांत ईस्ट बंगालवर गोल केला आणि मोहन बागानने तो सामना एक-शून्य असा जिंकला. अकबर यांचे नाव मैदानावरचा कोणताही जुना शेंगदाणेवाला आपल्याला सांगेल. परंतु त्या सतरा सेकंदांनंतरचा सारा सामना ज्यांनी ती एका गोलाची पुंजी राखली, त्यांची नावे विचारून पाहा. गेल्या महिन्यात मी पाच जुन्या समर्थकांना विचारली. दोघांनी दोन-दोन नावे सांगितली, तीही एकमेकांशी जुळेनात.

आणि भास्कर गांगुली? १९७६ साली ते, ज्या संघाने त्यांच्यावर गोल चढविले होते, त्याच ईस्ट बंगालच्या गोलात उभे राहिले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. पंचाहत्तर साली ट्राममध्ये त्यांचा निकाल लावून मोकळे झालेले कित्येकजण तेव्हा त्यांच्या नावाने टाळ्या वाजवीत होते. त्यांपैकी काही आज या सभागृहातही असतील.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी मघाशीच पाठविली आहे. कोणाला काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. ईस्ट बंगालच्या बाजूच्या सभासदांनी मात्र कृपा करून एकेकाने उठावे.