बुडबुड्याची ताकद

आम्ही कवी मंडळी बुडबुड्याला फार हलक्यात घेतो. आयुष्य क्षणभंगुर आहे असं सांगायचं झालं की तो हाताशी असतोच. मराठीत बुडबुडा, उर्दू गझलेत हुबाब. मीही ही उपमा अनेकदा वापरली. पण धरणातून सुटणाऱ्या पाण्याविषयी थोडं वाचलं, आणि त्या ओळींची लाज वाटू लागली.

गोष्ट अमेरिकेतली आहे. कोलोरॅडो नदीवर ॲरिझोनात ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९८३ च्या जूनमध्ये बर्फ वितळून इतकं पाणी आलं की जलाशय काठोकाठ भरला. सांडव्याच्या दरवाजांवर चक्क प्लायवूडच्या फळ्या लावून पाणी थोपवलं. सांडव्याचे बोगदे उघडले, तर डाव्या बोगद्यातून गडगडाट येऊ लागला आणि पाण्याबरोबर काँक्रीटचे तुकडे नि लाल दगड बाहेर पडू लागले. नंतर आत जाऊन पाहिलं, तेव्हा अस्तर फोडून खडकात सुमारे १० मीटर खोल खड्डा पडला होता.

हे बुडबुड्यांचं काम. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं धावणाऱ्या पाण्याला वाटेत लहानसा उंचवटा लागला, तरी त्याच्या मागं दाब इतका घसरतो की थंड पाणीच उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात. पुढं दाब वाढला की ते झटकन मिटतात, आणि प्रत्येक मिटण्याबरोबर काँक्रीटवर हातोडा बसतो. याला इंजिनिअर कॅव्हिटेशन म्हणतात.

यावर उतारा काय? हवेचेच बुडबुडे! ते मध्ये गादीसारखे पडतात आणि हातोड्याचा मार सोसतात. पीटरका या अमेरिकी अभियंत्यानं १९५३ मध्येच दाखवलं होतं की पाण्यात शेकडा सातच्या आसपास हवा मिसळली, की काँक्रीटची झीज जवळजवळ थांबते. ग्लेन कॅन्यनच्या बोगद्यांत मग हवा ओढून घेणाऱ्या खाचा केल्या. १९८४ मध्ये पुन्हा पाणी सोडून पाहिलं, अस्तर शाबूत राहिलं.

पण हवा मोकळी हवी. बंद नळात ती छताशी कोंडली, तर दाबाखाली साचते आणि एकदम उलटी उसळते. म्हणून दरवाजाच्या मागं हवेचा नळ ठेवतात. तो किती रुंद असावा, हा अभ्यासकांपुढचा अवघड प्रश्न आहे.

आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत, धरणांच्या छोट्या प्रतिकृती बांधून असे प्रश्न तपासतात. अडचण अशी की धरण पंचवीस पटींनी लहान करता येतं, पण पाण्याचा पृष्ठताण तेवढाच राहतो. बुडबुडा काही त्या प्रमाणात लहान होत नाही. प्रतिकृतीतलं पाणी प्रमाणापेक्षा कमी हवा ओढतं. तो आकडा जसाच्या तसा उचलला, तर खऱ्या धरणात नळ अपुरा पडेल. म्हणून बांधून झालेल्या धरणावर जाऊन, दरवाजा उघडताना त्या नळातून आत शिरणाऱ्या वाऱ्याचा वेग मोजावा लागतो.