तरुण पित्याचें शिक्षण



घरांत मूल जन्मास आलें म्हणजे आईच्या पथ्यपाण्याची चौकशी सारें गांव करतें. तें योग्यच आहे. परंतु त्याच दिवशीं बाप झालेल्या तरुणास कोणी कांहीं शिकवीत नाहीं. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरीं जाते. जांवईबापू पुष्कळदां बारशालाच येतात, पेढे वांटतात आणि कामावर परततात. केंद्र सरकारच्या नोकरास १५ दिवसांची पितृत्वरजा तरी आहे. गवंड्याला अथवा शेतमजुराला ती कोठून मिळणार? दवाखान्यांत गेला, तर "तुम्ही बाहेर थांबा" हेंच त्याच्या कानीं पडतें. असा तरुण पुढें मुलापासून दूर राहिला, म्हणजे आपण त्याला बेजबाबदार ठरवितों.

या बाबतींत आफ्रिकेंतील रवांडा या लहानशा देशाचा अनुभव ऐकण्याजोगा आहे. १९९४ सालच्या नरसंहारानें होरपळलेल्या त्या देशांत, २०१३ च्या सुमारास 'बंदेबेरेहो' म्हणजे 'अनुकरणीय माणूस' या नांवाचा उपक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. तरुण बापांच्या १५ बैठकी भरत. त्यांपैकीं ८ बैठकींस पत्नीहि येत. बैठक चालविणारे गांवचेच बाप असत. मात्र त्यांना आधीं रीतसर शिकविलेलें असे. परिचारिका आणि पोलीस यांनाहि या कामाचें शिक्षण दिलें होतें. गरोदरपण, बाळाची निगा, घरखर्च, भांडण न वाढवितां बोलणें, असे तेथील विषय. पुढें सुमारें १२०० जोडप्यांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. शिकलेल्या बापांच्या घरीं पत्नीला होणारी मारहाण कमी आढळली, मुलांना मारणें घटलें, आणि गरोदर पत्नीबरोबर तपासणीस जाणारे पुरुष वाढले.

हें आपल्याला अशक्य आहे काय? गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांना नवजात बाळांची काळजी शिकविली, आणि त्यामुळें बाळांचे मृत्यु घटतात हें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. आज दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं आशाताई ४२ दिवसांत सहा वेळां जातात. यांपैकीं एक तरी भेट बाप घरीं असतांना, मग तें घर सासुरवाडीचें कां असेना, व्हावयास हवी. बाळ दूध ओढीनासें झालें, अंग गार पडलें, श्वास जोरानें चालूं लागला, तर सकाळची वाट पाहावयाची नसते, हें त्याला ठाऊक असलें, म्हणजे मध्यरात्रीं गाडी आणावयास तोच आधीं धांवेल.

याकरितां पहिलें शिक्षण सेवकांनाच द्यावें लागेल. बापाला नांवानें हांक मारणें, त्याच्या अडाणीपणास न हंसणें, प्रश्न त्यालाहि विचारणें, ही संवय सरावानेंच लागते. परिचारिकाताई आणि आशाताई, माझी आपणांस एवढीच विनंति आहे. दाराशीं घुटमळणाऱ्या त्या पोराला आंत बोलवा, हात धुवावयास सांगा, आणि बाळ त्याच्या हातीं द्या.