शाबासकी न देणारे सर

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर यांनी क्रिकेटचा निरोप घेताना केलेले भाषण आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. त्या भाषणात त्यांनी आपल्या गुरूंविषयी एक गोष्ट सांगितली. एकोणतीस वर्षांत सरांनी त्यांना एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नव्हते. कौतुकाने शिष्य सैलावेल, मेहनत थांबवील, ही सरांची धास्ती. आता पुढे सामनेच उरलेले नाहीत, तेव्हा आता तरी सरांनी शाबासकी द्यायला हरकत नाही, असे सचिन म्हणाले. जगाने डोक्यावर घेतलेला चाळिशीचा माणूस आपल्या गल्लीतल्या सरांकडून एका शब्दाची अपेक्षा बाळगून होता!

ते सर म्हणजे रमाकांत विठ्ठल आचरेकर. जन्म मालवणचा, १९३२ सालचा. नोकरी स्टेट बँकेत. स्वतः उत्तम खेळत असत. परंतु प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला आला तो एकच, मोईन-उद-दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध स्टेट बँकेकडून खेळलेला. ज्याच्या नावापुढे उभ्या आयुष्यात एकच सामना लागला, त्याच्या हाताखालून बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, रमेश पोवार असे कसोटीवीर बाहेर पडले. स्वतःला न मिळालेल्या गोष्टीचे काही माणसे कडवटपणात रूपांतर करतात. आचरेकरांनी तिचे शिवाजी पार्कवरच्या पहाटेत आणि संध्याकाळीत रूपांतर केले.

त्यांचे मैदान तेच. दादरच्या वस्तीने चहूबाजूंनी वेढलेले, एकाच वेळी अनेक सामने चालू असलेले, जिथे एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीशेजारी उभा असतो असे मैदान. सचिन तिथे प्रथम आले ते १९८४ साली, अकराव्या वर्षी, थोरले बंधू अजित यांचे बोट धरून. त्या दिवशी सर समोर उभे असताना पोराची बॅट काही चालेना. अजितने विनंती केली, आपण जरा दूर जाऊन पाहा. सर निघून गेल्यासारखे झाले आणि झाडाआडून पाहत राहिले. मुलगा मोकळेपणाने खेळला आणि शिबिरात घेतला गेला. प्रवेश शुल्क पासष्ट रुपये, पुढे दरमहा दहा. पहिल्या काही महिन्यांनंतर मासिक शुल्क भरल्याचे आपल्याला आठवत नाही, असे सचिन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आता शिकवण्याची रीत पाहू. सर व्याख्यान देत नसत, तंत्राची पोथी वाचत नसत. मुलाने सामने खेळावेत, भरपूर खेळावेत, वेगवेगळ्या मैदानांवर, वेगवेगळ्या गोलंदाजांपुढे खेळावेत, यावर त्यांचा भर. पहिल्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने सचिन यांच्या वाट्याला आले. सकाळी सराव, मग सामना, पाच वाजता पुन्हा सराव. सरावाच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवले जाई. मैदानावर पोरांचे कडे, चेंडू उंच गेला आणि कोणी झेलला की संपले. फलंदाज टिकला तर नाणे त्याचे, बाद झाला तर गोलंदाजाचे. त्या वेळी अंगात त्राण उरलेले नसे, आणि सरांना नेमके तेच पाहायचे असे. मिळालेली नाणी सचिन यांनी जपून ठेवली आहेत. एवढे झाल्यावर पॅड-ग्लोव्हजसकट पार्कला दोन फेऱ्या!

एका मैदानावर बाद झालेल्या मुलाला स्कूटरवर मागे बसवायचे आणि दुसऱ्या मैदानावर चालू असलेल्या सामन्यात उतरवायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. एखाद्या दिवशी सचिन सरावाला आले नाहीत, तर हीच स्कूटर वांद्र्याच्या साहित्य सहवास वसाहतीत येऊन उभी राही. मित्रांबरोबर खेळात रमलेल्या मुलाला घेऊनच ती परत फिरे. प्राध्यापक रमेश तेंडुलकरांसारखे कविमनाचे वडील आणि असे दटावून नेणारे सर, असा दुहेरी योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. आजचे पालक मुलाला गाडीतून शिबिरापर्यंत पोहोचवतात. मुलगा आला नाही म्हणून त्याच्या दारात येणारा शिक्षक मात्र त्यांना क्वचितच भेटतो.

एकदा शाळेच्या मोठ्या गटाचा अंतिम सामना वानखेडेवर होता. सरांनी ठरवून दिलेला सराव सामना सोडून सचिन तो पाहायला गेले. सर तिथेच भेटले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ, या अर्थाचे बोल त्या दिवशी कानी पडले. तो सामना पुन्हा कधी चुकला नाही.

फेब्रुवारी १९८८. हॅरिस शिल्डचा उपान्त्य सामना, आझाद मैदान, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद यांची ६६४ धावांची अखंड भागी. डाव सोडा म्हणून सीमारेषेवरून खुणा होत होत्या, आणि दोघे पोरे तिकडे पाहतच नव्हती. अखेर सर दूरध्वनीवर आले. विनोदच्या ३४९ झाल्या होत्या, एक धाव हवी होती. सरांनी ती घेऊ दिली नाही, असे सांगतात. डाव घोषित झाला. सचिन नाबाद ३२६. नंतर त्याच विनोदने गोलंदाजीतही सहा बळी घेतले.

त्या दोघांची पुढची वाट सर्वांना ठाऊक आहे. मैदान एक, सर एक, स्कूटरही एक. तरी एकाने चोवीस वर्षे देशासाठी फलंदाजी केली आणि दुसऱ्याची कसोटी कारकीर्द, चोपन्नच्या सरासरीसह, सतरा सामन्यांत आटोपली. मैदानाच्या कुंपणापलीकडे गुरूचा हात कुठवर पोहोचतो, हा प्रश्न आचरेकरांच्या चरित्रातून वगळता येत नाही. भक्तिभावाने लिहिणारे तो टाळतात. त्यामुळे सरांचे मोठेपण वाढत नाही. उलट ज्या शेकडो मुलांना पुढे कसलीच प्रसिद्धी लाभली नाही, त्यांच्यावरही त्यांनी तेवढाच वेळ खर्च केला, हे झाकले जाते. नाण्याभोवतीच्या कड्यात उभी असलेली पोरे कोण होती, हे कोणी विचारत नाही.

१९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. पद्म पुरस्काराचे मानकरी असूनही त्यांना शासकीय इतमामात निरोप मिळाला नाही, याची खंत तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. शिष्यांनी मात्र बॅटी उंचावून त्यांची कमान केली आणि सचिनने तिरडीला खांदा दिला.

३ डिसेंबर २०२४ रोजी, सरांच्या जयंतीला, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. व्यासपीठावर सचिन होते, आणि प्रकृती ढासळलेले विनोदही. विनोद जागेवरून उठू शकत नव्हते; सचिन स्वतः त्यांच्यापाशी गेले, हात हातात घेतला. नंतर विनोदच्या हाती ध्वनिक्षेपक आला. त्यांनी भाषण थोडक्यात आवरले आणि सरांच्या आवडीचे एक जुने हिंदी चित्रगीत, थरथरत्या आवाजात, गाऊन दाखवले.