शाई वाळेपर्यंत

कल्याणहून कोनला यायचं म्हणजे दुर्गाडीचा पूल आला, आणि पूल आला की गाड्यांची रांग आली. इथे येऊन ‘जरा सावकाश घ्या’ म्हणणं धाडसाचंच. पण अडकून पडणं वेगळं आणि सावकाश काम करणं वेगळं. मी बोलणार आहे ते दुसऱ्याबद्दल, म्हणजे रोज अर्धा तास काढून ठसा कोरण्या-छापण्याबद्दल.

गंमत अशी की ही कला मुळात घाईसाठी जन्मली. पोथी हातानं नकलायला फार वेळ जाई. पेशवाईत पुण्यातला इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्या प्रोत्साहनानं तिथला एक तांबट नागरी अक्षरं तांब्यावर कोरायला शिकला. पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं त्याच्या पत्र्यांवरून 1805 साली गीता छापली गेली. सातशे श्लोक, तेही उलटे कोरायचे! 1894 साली राजा रविवर्म्यानं मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. रंगागणिक वेगळा दगड लागे, तरी त्या काळी तो वेगच होता, तुमच्या भिवंडीच्या यंत्रमागासारखा. आज चित्र मोबाइलवर क्षणात जातं, म्हणून तेच काम आपल्याला संथ वाटतं.

मी लिनो कोरतो. जवसाचं तेल घट्ट करून त्यात राळ आणि बुचाचा भुसा मिसळतात आणि तागाच्या कापडावर थापतात, तो हा लिनो. जमिनीवर अंथरण्यासाठी इंग्लंडात निघालेली वस्तू. छापायच्या शाईतही पुन्हा जवसाचंच तेल, म्हणजे आपल्या विदर्भात रब्बीला पेरतात ते जवस. ही शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, आणि पावसाळ्यात, या खाडीकाठच्या दमट हवेत, आणखी रेंगाळतं. दुसरा रंग आजच चढवायला गेलात तर चिखल होतो. थांबायचा निश्चय वगैरे करावा लागत नाही, शाईच थांबवते. म्हणून रोज तळहाताएवढाच तुकडा घ्यायचा: आज कोरायचा, उद्या छापायचा, परवा दुसरा रंग.

‘मनःशांती मिळते का हो?’ असं मला हमखास विचारतात. कधी मिळते, कधी नुसती चिडचिड होते. ध्यानधारणेच्या दुकानात ही कला मांडायला माझी तयारी नाही. मिळतं ते लक्ष. काचेवर शाई नेमकी पसरली की रोलर सरसरतो. जास्त झाली की चटचट चिकट वाजतो. मागाचा आवाज बदलला की तुमचे कान टवकारतात ना, तेच हे. त्या अर्ध्या तासात दुसरं काही ऐकू येत नाही, एवढं खरं.

छापायला प्रेस लागत नाही. शाई लावलेल्या ठशावर कागद ठेवा आणि लाकडी चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासत जा. एक कोपरा उचलून पाहा. फिकं दिसलं तर तसाच परत टेकवा, बाकीचा कागद हलू देऊ नका.

मागच्या टेबलावर लिनोचे तुकडे ठेवलेत. ज्यांना हात घालून बघायचाय त्यांनी थांबावं. फक्त एक: कोरणी नेहमी आपल्यापासून लांब ढकलायची, आणि दुसरा हात तिच्या मागे.